विश्लेषण : सेडान परत बोलावली, मग त्याच इंजिनाची एसयूव्ही का नाही? वारंवार बिघडणाऱ्या इंजिनाचा धडा

इंजिनातून टकटक आवाज येतो म्हणून गाडी वर्कशॉपला द्यावी, दोन दिवसांनी ‘सगळं ओके आहे’ असे सांगून ती परत मिळावी आणि महिनाभरात तोच आवाज पुन्हा सुरू व्हावा, हा अनुभव अनेक एसयूव्हीमालकांना आला असेल. पुढचा वादही ठरलेला असतो. सर्व्हिस ॲडव्हायझरच्या मते चालवण्याची पद्धत चुकते किंवा ऑइल वेळेवर बदललेले नसते. मालकाच्या मते गाडीच सदोष असते. खरे कोण, हे एका गाडीकडे बघून बहुतेक वेळा सांगता येत नाही. त्याच इंजिनाच्या हजारो गाड्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, की चित्र स्पष्ट होऊ लागते. अमेरिकेत ह्युंदाई आणि किया या कंपन्यांच्या ‘थीटा-२’ इंजिनाबाबत असेच घडले. तेथे सेडान गाड्या आधी परत बोलावल्या गेल्या आणि त्याच कुळातील इंजिन असलेल्या कौटुंबिक एसयूव्ही आणखी दीड वर्ष रस्त्यावर राहिल्या. असे का झाले, मालकांना शेवटी काय मिळाले आणि भारतात अशी वेळ आली तर कायदा काय सांगतो, याचा हा आढावा.

प्रकरण नेमके काय आहे?

ह्युंदाई आणि किया या दक्षिण कोरियातील एकाच उद्योगसमूहाच्या दोन कंपन्या. थीटा-२ हे त्यांचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. २.४ लिटर आणि २.० लिटर टर्बो अशा दोन प्रकारांत ते अमेरिकेत विकल्या गेलेल्या अनेक गाड्यांत बसवले गेले. ह्युंदाईची सोनाटा आणि कियाची ऑप्टिमा या सेडान, तर ह्युंदाईची सांता फे स्पोर्ट, कियाच्या सोरेंटो आणि स्पोर्टेज या एसयूव्ही. नावे वेगळी, बोनेटखाली इंजिनाचे कुळ एकच.

सप्टेंबर २०१५ मध्ये ह्युंदाईने २०११ आणि २०१२ या मॉडेल वर्षांच्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या. इंजिन धावत्या गाडीत बंद पडू शकते, हे कारण होते. त्या वेळी सांता फे स्पोर्ट, सोरेंटो आणि स्पोर्टेज या यादीत नव्हत्या. त्यांची पाळी आली २०१७ च्या मार्चअखेरीस. तेव्हा ह्युंदाईने सुमारे ५ लाख ७२ हजार आणि कियाने सुमारे ६ लाख १८ हजार गाड्या परत बोलावल्या. म्हणजे दुसऱ्या खेपेची संख्या पहिल्या खेपेच्या अडीचपट होती. या दीड वर्षात एसयूव्हीचे मालक मुलाबाळांना घेऊन त्याच गाड्यांतून फिरत होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हे प्रकरण अमेरिकेतील ठरावीक वर्षांच्या गाड्यांचे आहे. या कंपन्यांच्या भारतात आज विकल्या जाणाऱ्या गाड्यांबाबत त्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. उपयोगी आहे ती दोष बाहेर कसा आला, याची प्रक्रिया.

इंजिनात काय बिघडत होते?

पिस्टन वरखाली होतो आणि ती हालचाल कनेक्टिंग रॉडमार्फत क्रँकशाफ्टला फिरवते. रॉड आणि क्रँकशाफ्ट जिथे जोडलेले असतात तिथे पातळ धातूचे बेअरिंग असते. गाडी चालू असताना हे बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांचा एकमेकांना थेट स्पर्श होऊ नये, अशी रचना असते. मधे इंजिन ऑइलचा केसाहूनही पातळ थर असतो आणि सगळा भार तो पेलतो. हे ऑइल क्रँकशाफ्टच्या आतील बारीक वाटांतून दाबाने येते.

२०१५ च्या रिकॉलमध्ये दिलेले कारण असे, की कारखान्यात क्रँकशाफ्ट घडवताना निघालेले धातूचे बारीक कण पूर्णपणे साफ झाले नव्हते. ते ऑइलच्या वाटेत अडकले, तर बेअरिंगला पुरेसे ऑइल मिळत नाही. २०१७ च्या रिकॉलमध्येही मूळ क्रँकशाफ्टच्या घडाईतील त्रुटीत होते आणि परिणाम तोच होता. बेअरिंग वेळेआधी झिजत होते.

ऑइलचा थर तुटला की धातूवर धातू घासतो. सुरुवातीला टकटक असा ठोकल्यासारखा आवाज येतो आणि इंजिनाचा वेग वाढेल तसा तो वाढतो. पुढे ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागू शकतो. तरीही गाडी चालवत राहिल्यास बेअरिंग जॅम होते आणि इंजिन सीझ होते. काही वेळा रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉकच फुटतो. मग गरम भागांवर ऑइल सांडून आग लागण्याचा धोका असतो. महामार्गावर तिसऱ्या मार्गिकेत गाडी अचानक बंद पडणे किती जिवावर बेतू शकते, हे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. इंजिन बिघडले हा खर्चाचा मामला, पण ते चालत्या गाडीत बंद पडले तर तो सुरक्षेचा मामला ठरतो. रिकॉलचा कायदा या दुसऱ्या गोष्टीसाठी असतो.

एसयूव्ही मागे का राहिल्या?

२०१५ मध्ये कंपनीची भूमिका अशी होती, की दोष अलाबामा राज्यातील कारखान्यात एका ठरावीक काळात वापरलेल्या प्रक्रियेपुरता मर्यादित आहे. ती प्रक्रिया नंतर सुधारली, त्यामुळे पुढच्या गाड्यांना धोका नाही. कागदावर हे तर्कशुद्ध वाटते. उत्पादनातील दोष एखाद्या बॅचपुरते असू शकतात, आणि तसे असेल तर सगळ्या गाड्या बोलावणे गरजेचे नसते.

पण ज्या गाड्या यादीत नव्हत्या त्यांचे मालकही तीच लक्षणे सांगत होते. २०१६ मध्ये कंपनीतूनच एक आवाज उठला. ह्युंदाईत सुमारे २५ वर्षे काम केलेले अभियंते किम ग्वांग-हो कंपनीची अंतर्गत कागदपत्रे घेऊन अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे, म्हणजे ‘एनएचटीएसए’कडे गेले. कंपनी या इंजिनाबाबत पुरेशी पावले उचलत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची नोकरी गेली. २०१७ मध्ये दुसरा, मोठा रिकॉल झाला आणि त्यानंतर दोन महिन्यांत, म्हणजे मे २०१७ मध्ये, एनएचटीएसएने हे रिकॉल वेळेवर झाले का आणि त्यांची व्याप्ती पुरेशी होती का, याची औपचारिक चौकशी सुरू केली. अमेरिकी नियमांनुसार सुरक्षेशी संबंधित दोष आहे असे ठरल्यावर कंपनीने पाच कामकाजी दिवसांत तसे कळवायचे असते.

चौकशीचा शेवट नोव्हेंबर २०२० मध्ये झाला. १६ लाखांहून अधिक गाड्यांचे रिकॉल वेळेवर झाले नाहीत आणि रिकॉलबाबत काही माहिती चुकीची दिली गेली, असे एनएचटीएसएने म्हटले. दोन्ही कंपन्यांनी समझोत्यावर सह्या केल्या. ह्युंदाईवर १४ कोटी डॉलर आणि कियावर ७ कोटी डॉलरची रक्कम निश्चित झाली. यातील काही भाग रोख भरायचा होता, काही सुरक्षाव्यवस्था सुधारण्यावर खर्च करायचा होता आणि काही अटी मोडल्यास भरायचा होता. पुढील वर्षी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, किम यांना २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक बक्षीस देण्यात आले. वाहन सुरक्षेबाबत माहिती देणाऱ्याला एनएचटीएसएने दिलेले हे पहिलेच बक्षीस होते.

‘ऑइल वेळेवर बदललं नाही’ या युक्तिवादाचे काय?

बेअरिंगची झीज आणि ऑइल यांचा थेट संबंध असल्याने हा युक्तिवाद फेटाळणे सोपे नसते. ऑइल जुने झाले, कमी झाले किंवा चुकीच्या ग्रेडचे भरले, तर कोणतेही उत्तम इंजिन खराब होईल. त्यामुळे बेअरिंग गेलेल्या प्रत्येक गाडीत कारखान्याचाच दोष असतो, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

थीटा-२ च्या अनेक मालकांची तक्रार मात्र अशी होती, की इंजिन बदलून मागितल्यावर त्यांच्याकडे ऑइल बदलल्याच्या सगळ्या पावत्या मागितल्या गेल्या आणि त्या न मिळाल्याने वॉरंटी नाकारली गेली. ज्याने गावाकडच्या ओळखीच्या मेकॅनिककडून किंवा घरीच ऑइल बदलले, त्याच्याकडे पावती कुठून येणार? पुढे सामूहिक दाव्यांतून झालेल्या तडजोडीत ही बाजू उलटी झाली. मालकाने अपवादात्मक निष्काळजीपणा केला असेल तरच वॉरंटी नाकारता येईल, असे त्यात ठरले. म्हणजे एखाद-दुसरी पावती हरवली एवढ्यावर मालकाला दोषी धरता येणार नव्हते.

असे का झाले, यामागचे तर्कशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. निष्काळजी मालक प्रत्येक गाडीला, प्रत्येक मॉडेलला असतात. त्यांच्यामुळे होणारे बिघाड सगळ्या मॉडेलांत साधारण सारखे विखुरलेले दिसायला हवेत. एखाद्या इंजिनाच्या गाड्यांत ते बाकीच्यांहून बरेच जास्त आणि एकाच भागाबाबत दिसू लागले, तर त्याचे कारण मालकांच्या सवयीत शोधणे पुरेसे नाही. त्याच मॉडेलचे मालक एकाएकी सगळेच बेफिकीर झाले, असे होत नाही. पण हे कळायला आकडे हवेत आणि आकडे कंपनीबाहेर कोणाच्या तरी हाती असायला हवेत.

अमेरिकेत हे आकडे कोणाकडे असतात?

एनएचटीएसएकडे कोणताही वाहनमालक फुकट तक्रार नोंदवू शकतो. मॉडेल, वर्ष, कोणता भाग बिघडला, गाडी किती वेगात होती आणि काय झाले, हे त्यात लिहायचे असते. मालकाची ओळख झाकून या तक्रारी संकेतस्थळावर खुल्या ठेवल्या जातात. आपल्या मॉडेलचे नाव टाकून कोणीही त्या वाचू शकतो. शेकडो मैल अंतरावरच्या अनोळखी माणसाच्या गाडीतही तसाच आवाज येतो आहे, हे मालकाला कळते आणि वकील, पत्रकार, ग्राहक संघटना यांनाही कळते.

याला जोड आहे २००० सालच्या ‘ट्रेड’ कायद्याची. त्याची पार्श्वभूमीही एका कौटुंबिक एसयूव्हीचीच. फोर्ड एक्सप्लोरर या गाडीच्या फायरस्टोन टायरांचा वरचा थर सुटून जीवघेणे अपघात झाले, तेव्हा कंपन्यांना आधीपासून काय माहीत होते हा प्रश्न विचारला गेला. त्यानंतर मृत्यू, जखमींचे दावे, वॉरंटीचे दावे आणि ग्राहकांच्या तक्रारी यांची माहिती कंपन्यांनी ठरावीक काळाने सरकारला देणे बंधनकारक झाले. एवढे असूनही थीटा-२ मध्ये उशीर झालाच. खुल्या तक्रारींमुळे कंपन्या आपोआप प्रामाणिक होत नाहीत. मात्र उशीर झाला हे नंतर दाखवून देता येते आणि त्याची किंमत वसूल करता येते.

रिकॉलनंतर प्रश्न मिटला का?

नाही. रिकॉलमध्ये वर्कशॉपला इंजिन तपासायचे होते आणि बेअरिंगचा आवाज आढळल्यास इंजिन बदलायचे होते. पण आज आवाज नाही म्हणून उद्या येणार नाही, याची खात्री कोण देणार? त्यासाठी पुढे सॉफ्टवेअर आले. इंजिनावरील नॉक सेन्सर बेअरिंग झिजण्याआधीची कंपने ओळखतो आणि गाडी कमी ताकदीच्या मोडमध्ये नेतो, जेणेकरून इंजिन फुटण्याआधी ती वर्कशॉपला पोहोचावी. उपाय चांगला, पण तो झीज ओळखतो, थांबवत नाही.

दुरुस्तीतूनच नवा दोष निर्माण झाल्याचेही उदाहरण आहे. जानेवारी २०१९ मध्ये ह्युंदाईच्या सुमारे १ लाख आणि कियाच्या सुमारे ६८ हजार गाड्या पुन्हा बोलावण्यात आल्या. रिकॉलमध्ये इंजिन बदलताना उच्च दाबाचा इंधन पाइप नीट बसवला गेला नसण्याची शक्यता होती. त्यातून इंधन गळून आग लागू शकत होती. इंजिन बदलणे हे कुशल काम आहे आणि हजारो इंजिने घाईने बदलायची म्हटली की चुका होतात. ‘कंपनीने नवीन इंजिन टाकून दिले’ एवढ्यावर मालकाने निर्धास्त का होऊ नये, हे यातून दिसते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपन्यांनी अमेरिकेतील मालकांशी तडजोड जाहीर केली. २०११ ते २०१९ या मॉडेल वर्षांच्या सुमारे ४० लाख गाड्यांना बेअरिंगच्या बिघाडासाठी इंजिनाच्या मुख्य भागाची आजीवन वॉरंटी मिळाली. अट एकच महत्त्वाची, ती म्हणजे नॉक सेन्सरचे सॉफ्टवेअर टाकून घेतलेले असणे. रिकॉलचे पत्र न उघडता फेकून देणाऱ्या मालकाची येथे अडचण झाली असणार.

भारतात कायदा काय सांगतो?

आपल्याकडे २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेची स्वेच्छा रिकॉल संहिता होती. नावाप्रमाणेच ती कंपनीच्या मर्जीवर होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन कलम ११०-ए आले आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना हानी पोहोचू शकेल असा दोष असल्यास केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. गाडीचे वय सात वर्षांपेक्षा कमी असावे लागते. विक्रीच्या प्रमाणात किती तक्रारी आल्या की कारवाई सुरू व्हावी, हे नियमांत ठरवून दिले आहे. तक्रार करण्यासाठी ‘परिवहन’ संकेतस्थळावर स्वतंत्र विभाग आहे. आदेश झाल्यावर गाडी दुरुस्त करणे, बदलून देणे किंवा किंमत परत करणे अशा जबाबदाऱ्या कंपनीवर येतात आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कंपनीने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केला, तर दंड लागत नाही.

याच कलमात थीटा-२ प्रकरणाला नेमके लागू पडेल असे एक वाक्य आहे. दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग असलेली सगळी वाहने, प्रकार किंवा व्हेरियंट कोणताही असो, परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकते. एकच इंजिन हॅचबॅक, सेडान आणि एसयूव्हीत बसवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यामुळे या वाक्याचे महत्त्व मोठे आहे. सेडान बोलावली आणि एसयूव्ही राहिली, असे होऊ नये यासाठी आपल्या कायद्यात आधीच जागा ठेवलेली आहे.

ग्राहक आयोगात काय सिद्ध करावे लागते?

रिकॉल हा सगळ्या मालकांचा मार्ग आहे. स्वतःच्या गाडीपुरती दाद मागायची असेल, तर ग्राहक आयोगाचे दार आहे. येथे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल माहीत असलेले बरे. मारुती उद्योगच्या २००६ च्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले, की वॉरंटीच्या अटी सदोष भाग दुरुस्त करण्याच्या किंवा बदलण्याच्या असतील, तर सरसकट अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश देता येणार नाही. फियाट सिएनाच्या प्रकरणात तक्रार इंजिनाच्या आवाजाची होती आणि इंजिन बदलूनही वाद मिटला नव्हता. तेथे न्यायालयाने स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाकडून तपासणीचा मार्ग दाखवला आणि मूळ उत्पादन दोष आढळल्यास गाडीची किंमत परत मिळावी, असे सांगितले.

दोन्ही निकाल एकत्र वाचले, तर अर्थ असा निघतो, की ‘गाडी चार वेळा वर्कशॉपला गेली’ एवढे सांगून नवी गाडी मिळत नाही. दोष कारखान्यातून आलेला आहे, हे तज्ज्ञाच्या अहवालातून दाखवावे लागते. सदोष वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवण्याचा अधिकार ग्राहक संरक्षण कायद्याने आयोगाला दिला आहे, आणि तशी मागणी तक्रारदाराने करायला हवी.

बाकी प्रक्रिया वाटते तेवढी अवघड नाही. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात होते. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये आणि २० ते ५० लाखांसाठी १००० रुपये आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे गाडी पुण्यात घेतली असली, तरी लातूरच्या मालकाला लातूरला दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ असे ऐकत बसणाऱ्यांची अनेकदा हीच मुदत निघून जाते. सुरुवातीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

इंजिन वारंवार बिघडत असेल तर काय करावे?

१. जॉब कार्ड वाचूनच सही करा. ‘जनरल चेकअप’ असे लिहिले असेल, तर तुमची तक्रार कागदावर आलेलीच नाही. ‘थंड इंजिन सुरू करताना टकटक आवाज, ८० च्या वेगात पिकअप गेला, इंजिन बंद पडले’ असे लक्षण स्पष्ट लिहायला सांगा. दर वेळी तीच शब्दरचना ठेवा, म्हणजे दोष तोच आहे हे दिसेल.

२. वॉरंटीत फुकट काम झाले तरी कागद मागून घ्या. किती किलोमीटरला, कोणता भाग बदलला, गाडी किती दिवस वर्कशॉपमध्ये होती, हे त्यावर असावे. इंजिन बदलले असेल तर नव्या इंजिनाचा क्रमांक आरसीवर बदलून घ्यायला विसरू नका.

३. ऑइल कुठेही बदला, पण पावती, ग्रेड आणि किलोमीटर यांची नोंद ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालेल. दर काही आठवड्यांनी डिपस्टिक बघा. ऑइल कमी होत असेल तर तेही जॉब कार्डवर लिहायला लावा.

४. आवाजाचा व्हिडिओ काढताना आधी मीटरवरचे किलोमीटर दिसू द्या. वर्कशॉपमध्ये नेल्यावर आवाज येईलच असे नाही.

५. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला, तर गाडी सुरक्षित जागी घेऊन लगेच इंजिन बंद करा आणि टोइंग मागवा. पिवळ्या ‘चेक इंजिन’ दिव्यासारखा हा दिवा नाही. ‘घरापर्यंत नेतो’ म्हणताना इंजिन जाते, आणि पुढे वॉरंटीचा दावाही अडचणीत येतो.

६. डीलरशी बोलणे म्हणजे कंपनीशी बोलणे नव्हे. कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा आणि उत्तर लेखी मागा. चालत्या गाडीत इंजिन बंद पडले असेल, तर ‘परिवहन’वरील रिकॉल विभागातही तक्रार करा आणि त्यात वेग, रस्ता आणि प्रवाशांची संख्या लिहा. खर्च किती झाला यापेक्षा धोका काय होता, हे तिथे महत्त्वाचे आहे.

७. वाद चालू असेल तर बाहेरच्या गॅरेजमध्ये इंजिन उघडू नका. उघडलेल्या इंजिनावरून मूळ दोष सिद्ध करणे तज्ज्ञालाही कठीण जाते.

८. जुनी एसयूव्ही घेणाऱ्यांनी चेसिस क्रमांकावरून रिकॉल झाला होता का आणि त्याचे काम पूर्ण झाले का, हे कंपनीकडून आधी तपासून घ्यावे.

काय बदलायला हवे?

वरची सगळी काळजी मालकाने घेतली, तरी एक गोष्ट त्याच्या हातात नाही. आपल्यासारखे आणखी किती जण आहेत, हे त्याला कळत नाही. मॉडेलचे नाव टाकून इतर मालकांच्या तक्रारी वाचता येतील, असे अमेरिकेसारखे खुले सरकारी भांडार आपल्याकडे नाही. तक्रारींच्या संख्येवर रिकॉलची कारवाई अवलंबून ठेवायची आणि ती संख्या लोकांना दिसू द्यायची नाही, हे विसंगत आहे. मालकाची ओळख झाकून मॉडेल, इंजिन आणि बिघाडानुसार तक्रारी प्रसिद्ध करणे तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही. वाहनांची सगळी नोंदणी आज ऑनलाइन आहेच.

दुसरी गोष्ट मोजणीची. तक्रारी मॉडेलच्या नावानुसार मोजल्या, तर एकाच इंजिनाच्या चार गाड्यांच्या तक्रारी चार ठिकाणी विभागल्या जातात आणि कोणतीच संख्या मर्यादा ओलांडत नाही. इंजिनाचे दोष इंजिनानुसारच मोजले पाहिजेत. कलम ११०-ए मधील सुट्या भागाची तरतूद तरच खऱ्या अर्थाने वापरता येईल.

तिसरी गोष्ट दुरुस्तीच्या मर्यादेची. कॅलिफोर्नियात ‘लेमन लॉ’नुसार नवी गाडी १८ महिने किंवा १८ हजार मैलांच्या आत त्याच दोषासाठी चार वेळा दुरुस्तीला गेली, जिवाला धोका असलेल्या दोषासाठी दोन वेळा गेली किंवा एकूण ३० दिवसांहून अधिक वर्कशॉपमध्ये राहिली, तर कंपनीला पुरेशी संधी मिळाली असे गृहीत धरले जाते. तिथून पुढे बाजू मांडण्याचा भार कंपनीवर जातो. भारतात अशी स्पष्ट रेषा नाही. त्यामुळे पाचवी फेरी झाली तरी ‘आणखी एकदा बघू’ हे उत्तर चालून जाते. मध्यमवर्गीय कुटुंब सात-सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन एसयूव्ही घेते. तिचे इंजिन पहिल्या दोन वर्षांत किती वेळा उघडले जाणे मान्य आहे, हे कायद्याने सांगायला हवे.

कंपन्यांनी हे स्वतःहून करण्यातही त्यांचा तोटा नाही. आपल्या कायद्यात आधी कळवणाऱ्याला दंडातून सूट आहे, आणि थीटा-२ मध्ये उशिराची किंमत २१ कोटी डॉलरच्या समझोत्यापर्यंत गेली. तोवर मालकांनी निदान एक करावे. पुढच्या वेळी गाडी वर्कशॉपला द्याल, तेव्हा तक्रार तोंडी सांगून न थांबता ती जॉब कार्डवर उतरलेली बघा आणि ‘परिवहन’वर नोंदवा. तुमच्या एका नोंदीने रिकॉल होणार नाही, पण ती न झाल्यास तुमच्यासारख्याच दुसऱ्या मालकाची तक्रार एकटी पडते.